आकार सांगतो

मी आलो होतो रविवारच्या पुरवणीसाठी :
'आखातातले आपले लोक', चार भाग, फोटोसह.
गुरुवारी पहाटे सालमियात काच थरथरली
तेव्हा वाटलं, वरच्या मजल्यावर
कुणी कपाट सरकवतंय.

कपाट सरकतच राहिलं.

गच्चीवरून दिसला समुद्राकडचा धूर
आणि खाली चौकात एक रणगाडा,
सिग्नलला थांबलेला. दिवा लाल होता.
हे लिहिलं, मग खोडलं,
कोण खरं मानेल.
वरचा पोरगा, मिसरूडही न फुटलेला,
खाणाखुणांनी पाणी मागत होता.
दिलं. तेही खोडलं.

फोन मेला, मग टेलेक्स.
अबू सामेरच्या भट्टीपुढे खुबूसची रांग,
रांगेत माझे बातमीदाराचे प्रश्न :
काय पाहिलंत? किती वाजता? किती होते?
परकार म्हणाला, ते ऱ्हाऊ दे,
लिही : इब्राहिम परकार, फुरूस, तालुका खेड.
घरी फोन नाय. नाक्यावर महाडिकांचं दुकान,
तिथं सांगितलं की पोचतं.
मागचा म्हणाला, माझंपण.
त्याच्या मागची एलिकुट्टी, इस्पितळातली,
तिनं पत्ता मल्याळममध्ये लिहून दाखवला,
मी वहीत उतरवला, चित्र काढावं तसा.
एकाचा पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत,
मालक रातोरात सीमेपार.
त्यानं मनगटावरचं गोंदण पुढे केलं.
ते नाव त्याचं नव्हतं, बहिणीचं होतं.
तेही लिहिलं.

रणगाडे मी मोजले नाहीत.
खुबूस मोजले : माणशी पाच,
सोमवारी तीन,
नंतर भट्टीला कुलूप.

सतराव्या दिवशी अम्मान. बूटातली वाळू
तशीच ठेवून फोनपाशी गेलो.
रात्रपाळीचा टिपणीस ओरडत होता,
आकडे दे, आकडे, पहिलं पान थांबवलंय.
मी वही उघडली :
परकार, इब्राहिम. फुरूस.
अरे, नावं कुठे छापू एवढी?
मी थांबलो नाही. तालुक्यांसकट वाचत गेलो,
मिनिटाचे पैसे काचेपलीकडचा माणूस
बोटांनी दाखवत होता.
पलीकडे कुणी लिहून घेत होतं का, कळेना.
आणि मग आलं एलिकुट्टीचं पान,
मला वाचता न येणारं.
म्हटलं, टिपणीस, पेन्सिल घे,
आकार सांगतो.
पहिलं अंड्यासारखं. शेजारी गळ.
गळाला खाली
एक छोटी गाठ.