शेवटची गेली

त्बिलिसीत जानेवारी. नदीवरचा वारा
कानाच्या पाळीला चावतो.
थांब्यावर मी वही घेऊन बसले आहे, रात्रीचे पावणेबारा,
अक्षरं अंधारात कशी दिसतात ते बघायला.
या तासांचा पगार मिळत नाही.

दुपारी कार्यालयात भांडण झालं
एका आकड्याच्या उंचीवरून.
बादरी म्हणाला, साठ मिलिमीटर पुरे.
मी म्हटलं, तुझे डोळे अजून तिशीतले आहेत.
मग बाणावरून. बाण सरळ वर काढला
की लोक आभाळाकडे बघतात,
चाचणीत कळलं, बावीस जणांतले नऊ.

आमची अक्षरं वाटोळी. कुठल्याशा लिपीत म्हणे
डोक्यावर रेघ असते, सगळ्यांना धरून ठेवणारी.
आमच्याकडे ती सोय नाही;
लांबून, ओल्या काचेतून
सांडलेल्या मसुरीसारखी दिसतात.
म्हणून ओळींमध्ये मी जागा मागते,
आणि ती जागा जाहिरातीच्या अंगातून कापून घ्यावी लागते.

हे सगळं ठीक.
पण बाकावर माझ्या शेजारी त्सिआला येऊन बसली आहे,
इस्पितळाच्या धुलाईघरातून सुटलेली,
हातांना क्लोरीनचा वास, पिशवीत अर्धा पाव.
पाटीकडे बघते. पाटी काळी.
"बिघडली का गं?"

नाही बिघडलेली. एकाहत्तर नंबरची शेवटची
केव्हाच गेली, आणि यायचं काही उरलं नाही
की पाटीनं गप्प राहायचं, असं ठरलं होतं.
बैठकीत. माझ्यादेखत.
वाईट बातमी थांब्यावर नको, कोणीतरी म्हणालं,
आणि मी तेव्हा पिवळ्याचे नमुने चाळत होते.

त्सिआलानं पिशवी मांडीवर नीट घेतली.
पाटी काळी आहे, म्हणजे काहीही येऊ शकतं.
दोन टॅक्सी गेल्या, एक कुत्रा.

शेवटी सांगितलं. चिडली नाही,
एवढंच विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"
टॅक्सीचं म्हणाले तर हात झटकला,
रुमाल हनुवटीखाली आवळला आणि चढाला लागली,
दर दिव्याखाली थोडी थांबत.

वहीत साठ खोडून ऐंशी करायचं होतं.
ते राहिलं. दोन शब्द लिहिले:
शेवटची गेली.
पुढे वेळ. खाली, पहिली सकाळी सहा दहा.
पट्टी लावून मोजलं.
ऐंशीतसुद्धा मावतं,
बाण काढला तर.