आंतरसांस्कृतिक संवाद, तीन क्रेडिट

पहिल्या तासाला हुकस्ट्राबाईंनी फळ्यावर हिमनग काढला.
पाण्यावर दिसतात ते कपडे, जेवण, भेटल्यावर हात पुढे करणं.
पाण्याखाली –
आणि खडू मोडला.
तुकडा शोधायला त्या वाकल्या, वर आल्या,
म्हणाल्या, खालचं सत्र संपेपर्यंत मलाही भरता येणार नाही.

आम्ही एकोणीस जण. त्यातले अकरा एकमेकांचे चुलतमावस.
खिडकीबाहेर मक्याची खुंटं, खुंटांवर बर्फ,
पलीकडे धान्याचं कोठार,
आयोवाच्या या टोकाला चर्चच्या मनोऱ्याहून उंच
तेवढं एकच.

बाई बावीस वर्षं पापुआच्या एका खोऱ्यात राहिल्या होत्या.
पहिलं वर्षभर मी आभार मानत सुटले, त्या सांगत,
आणि लोक तोंड फिरवत.
तिथे आभार म्हणजे हिशेब मिटला,
उद्यापासून तू तुझी, आम्ही आमचे.
मी हे वहीत उतरवलं. खाली दोन रेघा मारल्या.

स्वाध्याय असा:
जिची भाषा येत नाही तिच्या घरी एक तास.
फोन बंद. नंतर दोन पानं.

टर्कीच्या कारखान्यामागे, चाकांवरच्या घरांच्या रांगेत,
नॉ पॉ वा राहते.
रात्रपाळीला पंख कापते.
दुभाषी म्हणून तिची मुलगी असणार होती,
तिला व्हॉलीबॉलचा सराव निघाला.
माझ्या खिशात चौदा प्रश्न होते,
क्रमांक घातलेले.

तिनं माझ्या बुटांकडे बोट केलं. मी काढले.
मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर.
ती हसली, मी हसले.
पहिलं वाक्य अंगठ्यानं बोलून टाकलं.

मग भात. मासळीचा उग्र ठेचा, डोळ्यांत पाणी आणणारा.
मी ताट चाटूनपुसून संपवलं.
तिनं पुन्हा वाढलं. मी पुन्हा संपवलं.
तिसऱ्यांदा.
माझ्या आजोबांनी युद्धात ट्यूलिपचे कंद खाल्लेले,
आमच्याकडे ताटात घास टाकणं म्हणजे पाप.
तिच्याकडे रिकामं ताट म्हणजे पाहुणा उपाशी.
दोघी आपापल्या जागी अगदी बरोबर वागत होतो
आणि माझं पोट फुटायला आलं होतं.

भिंतीवर क्रूस. मला उगाच वाटलेलं
की तो इथं आल्यावर, आमच्यापैकी कुणी दिला असेल.
तिनं बोटांवर पिढ्या मोजल्या: आई, आजी, आजीची आई,
एक हात संपला, दुसऱ्यावर गेली.
नंतर काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक मधोमध उघडलं.
अक्षरं गोल, साबणाच्या फुग्यांसारखी.
ती गाऊ लागली.

चाल आजोबांच्या दफनाची.
शब्द येत नव्हते. आल्टोची ओळ येत होती.
मी खालून ती धरली.
तिनं मान वर केली नाही, फक्त वेग थोडा कमी केला,
नवख्या माणसासोबत चढ चढताना करतात तसा.

मग माझ्या डोक्यावर हात ठेवून तिनं प्रार्थना केली.
बऱ्याच वेळची.
त्यातला एकच शब्द मला कळला, तोही चुकलेला:
गे-दा.
गेर्डा, मी मनात म्हटलं. मग म्हटलं, राहू दे.

दारात आभार ओठांवर आले आणि मी ते गिळले,
दोन रेघा आठवून.
पायऱ्या उतरल्यावर सुचलं,
ही बाई त्या खोऱ्यातली कुठे आहे?
मागे वळले तर दार लागलेलं.
ती झोपायला गेली असणार, दहाला पाळी.

दोन पानांना बी-उणे.
‘त्या लोकांच्या पद्धती’ यातल्या ‘त्या’भोवती लाल वर्तुळ,
समासात बाईंचं बारीक अक्षर: कोणत्या?
चौदा प्रश्न धुलाईयंत्रात गेले,
जीन्सच्या खिशात लगदा झाला.

रविवारी घरी, भाजलेल्या मांसासोबत,
मी मुद्दाम एक घास ताटात ठेवला.
वडिलांनी घासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
आमच्याकडे कुणी काही विचारत नाही.
बटाट्यांचं भांडं उचलून
त्यांनी आईकडे सरकवलं.