तोंडी लावायला

पाचव्या महिन्याची पाचवी तिथी.
आज बदक खायचंच असतं, म्हणून आईनं
सा-देकच्या बाजारातून एकच आणलं,
पाय बांधून, भाजीच्या पिशवीतून,
बाबांची नजर चुकवत.
नजर चुकली नाही. बदकाला आवाज असतो.

भाताच्या दारूनं आणि आल्यानं चोळून
आईनं ते दोनदा धुतलं.
मी चिमटा घेऊन बसले.
कातडीत रुतलेली बारीक पिसं
एकेक उपटताना
डोळे असे किलकिले होतात
की घरातलं दुसरं काही दिसत नाही.
ते बरं असतं.

नाहीतर दिसली असती
मागच्या दाराशी टेकवलेली बांबूची काठी,
टोकाला विटलेली लाल चिंधी.
त्या चिंधीच्या इशाऱ्यावर बाराशे बदकं वळायची,
कापणी झालेल्या शेतातून पुढच्या शेतात,
कालवा पोहून, लोकांच्या बांधांवरून,
सांडलेला दाणा न् दाणा टिपत.
बाबा महिना महिना त्यांच्या मागे.
घरी यायचे तेव्हा पायांना चिखलाचे मोजे.

मग साथीचं वर्ष.
पांढऱ्या कपड्यांतली माणसं, चुना, खड्डा.
बाबांनी कागदावर सही केली
आणि धंदा गुंडाळला.

मला वळण लागलं ते तांदळाच्या कागदावर.
पाणी त्याला नुसतं दाखवायचं,
बुडवलास की हातात लगदा, आई म्हणायची.
ताठ आहे तोवरच भरायला घे,
तो आपणच मऊ पडत जातो
रुसलेल्या माणसासारखा.
आधी पानं, जांभळ्या देठाची तुळस, पुदिना,
कच्च्या केळ्याची चकती, करमळाची चांदणी,
शेवया,
आणि उकडलेल्या बदकाचे तुकडे, कातडी खालच्या अंगाला,
म्हणजे गुंडाळल्यावर ती कागदातून दिसते.
डावी कड आत, उजवी आत, मग घट्ट.
पण फार घट्ट नको.
जे पोटात ठेवायचं
त्याला हलायला थोडी जागा लागते.

भांडण दरवर्षी वाट्यांवरून.
न्हानवहिनी उत्तरेची, नाम-दिन्हची.
तिच्या मते आमची वाटी म्हणजे सरबत:
नारळपाणी, साखर, लिंबू,
माशाचा खारा अर्क केवळ ओळखीपुरता.
तिनं शेजारी आपली वाटी मांडली,
आंबवलेल्या सोयाबीनची, काळपट, दाट.
आईनं बोट बुडवून चाखलं.
म्हणाली, "औषध म्हणून छान आहे."
न्हान हसली.
लग्नाला सहा वर्षं झाली की
अशा वाक्यांना हसता येतं.
दादा दोन्ही वाट्यांत आळीपाळीनं बुडवत राहिला.
त्याचा सगळा संसार असाच चाललाय.

बाबा कोपऱ्यात आलं कुटत होते.
खात नाहीत, पण आलं
दुसऱ्या कुणाला कुटू देत नाहीत.
मीठ आधी, मिरची शेवटी,
आणि खलाचा आवाज
कुणी काही विचारू नये इतका मोठा.

खोआ चार वर्षांचा. त्यानं स्वतःची एक गुंडाळी केली.
पानं कडू म्हणून नाहीत,
करमळ आंबट म्हणून नाही,
बदकाची ताटली लांब होती, हात पोचला नाही.
एका बाजूनं फाटलेली, शेवया लोंबणारी ती वस्तू
दोन्ही हातांत धरून तो उठला
आणि थेट आजोबांच्या तोंडाशी नेली.

आईचा हात पाण्याच्या परातीत राहिला.
दादा चावायचा थांबला.

"आत काय आहे?" बाबांनी विचारलं.
"काहीच नाही," खोआ म्हणाला.

बाबांनी ती घेतली.
दोन्ही वाट्यांकडे पाहिलं.
एका वाटीत बुडवली. कुठल्या, ते मी सांगणार नाही,
त्यावरून दोघींचं अजून चाललंय.
सावकाश चावली. गिळली.
हनुवटीवरची शेवई बोटानं आत सारली.

"आलं कमी पडलं," म्हणाले,
आणि खल पुन्हा जवळ ओढला.