उलटं नाव

आमच्या कारखान्याच्या पाटीवर ‘अँड ब्रदर्स’ होतं.
दोघांपैकी भाऊ कुणालाच नव्हता.
मल्लय्या गाजूल, माझे आजोबा, गिरणीत माग दुरुस्त करायचे;
सायन्ना त्यांचा मेहुणा, सुतार,
लाकूड वासावरून ओळखणारा.
पाटी रंगवणारा म्हणाला, ब्रदर्स लिहिलं की गिऱ्हाईक वचकून असतं.
बरं, म्हणाले. दोन आणे जास्त दिले.

त्याआधीची गोष्ट एवढीच:
साखर पेठेतल्या छापखान्याचं विलायती ट्रेडल
ऐन लग्नसराईत बसलं,
दातेरी चाकाचे तीन दात गेले.
मुंबईचा मिस्त्री पंधरा दिवसांनी येणार, मुहूर्त नवव्या दिवशी.
रात्रपाळीचा भोंगा झाल्यावर आजोबांनी ते चाक घरी आणलं,
फरशीवर कोळशानं त्याचं चित्र काढलं,
दात मोजले, पुन्हा मोजले,
आणि तिसऱ्यांदा मोजताना
(असं ते सांगायचे, मला खरं वाटत नाही)
अख्खं मशीन दिसलं.

लोखंड मोडीत निघालेल्या मागांचं, वजनावर घेतलेलं.
वाळू सीनेची. राजव्वा ती पिठाच्या चाळणीनं चाळायची;
वर्षभर भाकरी दाताखाली कचकचली
आणि कुणी काही बोललं नाही.
साच्याच्या वाळूत काकवी, रुळाच्या सरसात काकवी,
पोरं डब्यात बोटं घालायची,
उंदीर रूळ कुरतडायचे.
दोन ओतकामं तडकली.
तिसरं निवेपर्यंत आजोबा बाजेवर पाठ करून पडले,
तेलुगूत काहीतरी पुटपुटत.
देवाचं नव्हे, हिशेबाचं.

नावाचा फर्मा सायन्नानं कोरला.
त्याला कुणीतरी सांगितलेलं, छपाईत अक्षर उलटं असतं.
बिचाऱ्यानं आठ दिवस आरसा धरून उलटं कोरलं.
वाळू झाडली,
तर मशीनच्या छातीवर नाव
उजवीकडून डावीकडे.
सायन्ना जेवायला यायचा बंद झाला.
आजोबा म्हणाले, परत वितळवायला कोळसा कुठाय? जाऊ दे.

बार्शीला गेलं ते, बैलगाडीतून,
कडब्यावर निजवून. हप्त्यानं.
काही हप्ते ज्वारीचे.
चालताना एक पाय ओढायचं म्हणे,
जुन्या मागाची खोड.
बार्शीच्या गुळव्यांनी त्याच दुपारी नावाला शाई फासली,
कागद दाबला, पोस्टानं धाडला.
सोबत चिठ्ठी नाही. नुसतं नाव,
सुलटं.
सायन्ना जेवायला आला. चार भाकरी खाल्ल्या.

पुढची एकशे चाळीस मशीनं सरळ नावाची.
त्यांचं मला काही सांगता येत नाही,
वह्यांत आहेत, नंबरासकट.
मग ऑफसेट आलं. पाटी बाबांनी उतरवली,
तिचा पत्रा पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून अजून आहे.

गेल्या मार्गशीर्षात अक्कलकोट रोडच्या भंगारवाल्याचा फोन:
मॅडम, एक धूड आलंय, लिपी कुठली कळंना, तुम्ही बघता का?
रिक्षानं गेले. पदरानं धूळ पुसली.
शाई नव्हती, पर्समध्ये काजळाची डबी होती.
कागदही नव्हता.
तळहात दाबला.

‘ब्रदर्स’मधला शेवटचा ‘र्स’ नीट उठला नाही.
किलोला अठ्ठावीस, तो म्हणाला,
आणि काटा पुढे ओढला.
पैसे मी एकाच हातानं मोजले.