फाईल सापडत नाही

दुसऱ्या अंकाच्या शेवटी वीज पडायची होती.
थोरल्या भावानं तुळशीवर हात ठेवला,
माईककडे तोंड केलं:
'खोटं बोलत असीन तं
वीज पडो माह्यावर!'

मी बटण दाबलं.
नव्या सॉफ्टवेअरनं एक करडी चौकट पुढे केली:
फाईल सापडत नाही.
फाईल तर तिथंच, बोटाखाली,
तलाठ्याच्या टेबलापुढं ताटकळणाऱ्या माणसागत.

'वीज पडो माह्यावर!' दुसऱ्यांदा.
तिसऱ्यांदा त्यानं वर आभाळाकडं पाहिलं,
मग माझ्याकडं.
कापल्या धानाच्या बांधीत हजारभर माणसं,
मफलरीतून निघणारी वाफ,
आणि मागून कोणीतरी ओरडलं,
'पडत नाई ना बे! खरा हाये तो!'

त्या रात्री खोटारडा टाळ्या घेऊन आत गेला.
धाकट्याचं काय करायचं
कोणालाच सुचेना.
पडदा पाडला.

पहाटे वडशाच्या वाटेवर, मेटॅडोरमध्ये,
मांडीवर लॅपटॉप घेऊन नावं वाचत बसलो.
आवाज सगळे उरकुडाभाऊ नाकाड्यांचे,
कॅसेटच्या काळापासून जमवलेले:

वीज!!#३%
छोटी गाडी (नागभीड) & वारा
बाईचं रडणं, खरं @ आमगाव
टिटवी~~~(थांब)

सॉफ्टवेअरला ह्यातलं काही गिळवत नाही.
इंग्रजी अक्षर चालतं, आकडा चालतो,
कंस आला की घास अडकतो,
आणि वेलांटीला तर ते चौकोन म्हणतं.

उरकुडाभाऊ चौथी शिकलेले.
हॅश म्हणजे दोन्ही भोंगे, हे मला ठाऊक होतं.
टक्का म्हणजे निम्मा आवाज असावा.
लाटा कशाच्या, विचारायचं राहिलं.
पोळ्याच्या आधीच गेले.

मी एकेक नाव खोडलं.
व्ही-एक. जी-दोन. आर-तीन. टी-चार.
एकशे चाळीस आवाज, बिनबोभाट,
हजेरीला उभ्या पोरांसारखे लोड झाले.
लांजेवार मालक पुढच्या सीटवरून म्हणाले,
'आता झालं ना बाप्पा?'
झालं म्हणालो.

दुसऱ्या रात्री, दुसऱ्या गावात,
वीज वेळेवर पडली. थोरला मेला.
तिसऱ्या अंकात रोशनी लेकराचं आंगडं घेऊन
पाटावर बसते आणि टिटवी ओरडते.
मी टी-चार दाबलं.
ती अजून बसलीच नव्हती.
उभ्यानंच तिनं वर पाहिलं, आंगडं हातात,
आणि पुढचं वाक्य घाईनं म्हणून टाकलं.

आता शाळेची वही घेतली आहे.
डावीकडं नवी नावं, उजवीकडं जुनी,
खुणांसकट, जशी आठवतील तशी.
टी-चारसमोर लिहिलं: टिटवी, तीन लाटा, कंसात थांब.

किती वेळ, ते त्यांनी
फाईलच्या नावात लिहिलं नव्हतं.