एकतीस

पेटी उघडली तेव्हा कोरड्या बर्फाचा धूर
टेबलावरून खाली सांडला.
तिब्लिसीहून बारा नळ्या.
सीमाशुल्कात दोन रात्री अडकलेल्या,
कारण शिक्क्याची शाई पुसट.

लेलो सातवी नळी उचलते.
नाव नाही, फक्त क्रमांक.
नाव तिकडे, कुलपातल्या एका वहीत:
एतेरी, शिवणकाम करते.
तीनदा अंगड्याचं कापड बेतलं,
तीनदा घडी घालून परत ठेवलं.
ती स्वतः कधी विमानात बसलेली नाही.
रक्त तेवढं बसलं.

सदतीस अंशांच्या पाण्यात
नळी हळूहळू वितळते,
वाळल्या गवताच्या रंगाची.

प्रयोगशाळेत याला गंमत म्हणतात,
दुसरा शब्द कुणाला सुचलेला नाही:
हेच रक्त काचेत साकळायला वेळ लावतं
आणि देहात घाई करतं.
राखणीच्या कुंपणानं रात्रभर शेत खावं
आणि सकाळी पंचांपुढे
तोंडाला कणसाचा दाणाही नाही
असं उभं राहावं, तसं.

दुपारी दोनला पडद्यावर नऊ चौकटी.
तार्तूत खिडकीबाहेर दिवस मावळायच्या बेतात,
सेंदाईत रात्रीचे नऊ,
माँटेव्हिडिओत डॉक्टर इरियार्ते
सकाळचा माते ओढताहेत.
एकाच बाईचं रक्त नऊ ठिकाणी मोजलं:
सेंदाईत बावीस, माँटेव्हिडिओत चव्वेचाळीस,
इथे एकतीस.
म्हणजे एतेरी एका समुद्राकाठी धडधाकट
आणि दुसऱ्या समुद्राकाठी आजारी.

रेघ चाळीसवर ओढू, इरियार्ते म्हणतात.
वीसवर, सेंदाईचं म्हणणं.
दोघांकडे तक्ते आहेत. दोघंही खरं बोलताहेत.
तिब्लिसीच्या चौकटीत नातेला
केव्हाची काहीतरी सांगतेय, हातवारे करून.
"तुमचा आवाज बंद आहे."
"हं. मी विचारत होते,
एकतीसवालीला मी काय सांगू?
ती उद्या येणार आहे.
चौथ्यांदा दिवस गेलेत."

नऊ चौकटींत कुणी हललं नाही.
मग इतिवृत्तात नोंद झाली:
मुद्दा सहावा, पुढच्या बैठकीत.

पडदा काळा झाल्यावर
लेलो उणे ऐंशीच्या कपाटातून
त्याच क्रमांकाची शिल्लक नळी काढते.
कुणी सांगितलेलं नाही.
पाणी पुन्हा सदतीसवर आणते,
कोट खुंटीवरच राहू देते,
आणि तिब्लिसीत आत्ता किती वाजले असतील
ते बोटांवर मोजते.