रुमालाखाली

मार्केट यार्डात उतरले की आधी शिंक येते.
हळदीची. मग दुसरी.
तिसरीला हमाल म्हणतात, आल्या कंप्युटरवाल्या बाई.

कीबोर्डात पिवळं बसलंय.
पुण्याच्या ऑफिसात एकदा लॅपटॉप उलटा करून झटकला
तर टेबलावर चिमूटभर सांगली पडली.
सगळे हसले. मीही हसले,
मग टिश्यूनं गोळा केली.

निरंजन सर सव्वानऊला फोन करतात:
पाइपलाइनमध्ये काय आहे?
उपाध्ये आहेत, सर.
मागच्या आठवड्यातही उपाध्येच होते.
हो सर. अजून आहेत.
(मला दिसतात उपाध्ये, धोतर सावरत
एका लांबलचक पाइपात बसलेले,
सुपारी कातरत.)

शांतिनाथ उपाध्ये आणि सन्स, गाळा एकशे बारा.
सहा वेळा चहा, चार वेळा डेमो.
एकदा नेट गेलं, एकदा वीज,
एकदा बाहेर सौदा पुकारला आणि सगळे उठून गेले;
मी 'एबीसी ट्रेडर्स'ची खोटी पट्टी
भिंतीवरच्या पार्श्वनाथांना समजावत राहिले.

आज मार्चची अठ्ठावीस.
उपाध्येंनीच विषय काढला. किती सोडता?
मी म्हणाले, किंमत फिक्स आहे.
गाळ्यातली चार माणसं एकदम हसली,
कुणी थप्पीवरून घसरल्यासारखी.
रुमालाचे सौदे बंद झालेत म्हणतात,
पण खांद्यावर रुमाल असतोच.
तो त्यांनी सवयीनं काढला, हात पुढं केला
आणि थबकले.
बाईमाणसाचा हात रुमालाखाली धरायचा कसा,
हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
रुमाल तसाच अधांतरी राहिला थोडा वेळ.

माझाही भाव झाकलेलाच असतो.
वीस टक्के सोडायची मला मुभा आहे, हे उपाध्येंना माहीत नाही.
सरांना पस्तीसची आहे, हे मला माहीत नाही
असं सर धरून चालतात.
आणि त्यांच्याही वर जो कुणी बसलाय,
त्यानं माझं कोणतं बोट दाबून ठेवलंय
ते एकतीसला कळेल.

"हिकडं या. शिकवतो."
कोपऱ्यातून दिवाणजी बोलले. मलगोंडा दिवाणजी,
चारही डेमोंना हूं की चूं न केलेले.
स्वतःचा पंजा त्यांनी वहीवर उघडा ठेवला,
डाव्या हातानं एकेक बोट दाबत गेले.
एक बोट एक. सबंध पंजा पाच.
शेकडा का हजार, ते समोरच्याच्या डोळ्यावरनं वळखायचं.
"आन् करंगळीला नुसतं शिवलं, तर समजायचं
ह्याच्याजवळ आता ह्याच्यापुढं काय नाही."

अठरा टक्क्यांत मिटलं. उघड्यावर, सगळ्यांदेखत.
सरांना मेसेज टाकला. सुपर, म्हणाले,
अजून दोन आण.

इन्स्टॉल करताना दिवाणजी खुर्ची ओढून शेजारी.
"पैलं चौदा दिवस फुकट न्हवं?"
हो. ट्रायल.
"मग?"
पैसे भरले नाहीत तर बंद होतं.
"आन् आकडे?"
आकडे आत असतात. फक्त दिसत नाहीत.

ते वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिले.
मग म्हणाले,
"आमच्या आईचं आसंच झालंतं शेवटी."

मला पुढचं बटण सापडेना.

युजर नेम?
"दिवाणजीच लिवा."
पासवर्ड? तो तुम्हीच टाकायचा, मला सांगायचा नाही.
त्यांनी माझ्याकडं बघितलं,
उपाध्येंचा रुमाल मागून घेतला,
कीबोर्डावर पसरला
आणि खाली हात घालून
एकेक अक्षर चाचपू लागले.

बॅगेत फोन थरथरत होता.
मी तोंड फिरवून वजनकाट्याकडं बघत राहिले,
दुसऱ्याचा भाव चालू असताना
बघतात तसं.